तांबट आळीतली पालथी घागर

“टेलिमेडिसिन या संकल्पनेविषयी आपल्याला कितपत माहिती आहे?” केतकी बर्वेनं विचारलं.

इंगवले साहेबांनी डोळे मिटून घेतले. ‘संकल्पना’ हा शब्द कानावर पडला की ते डोळे मिटत. सरकारी प्रशिक्षणांतून लागलेली सवय होती ती.

“संपूर्ण,” ते म्हणाले.

“आणि दृष्टिकोन?”

“अत्यंत अनुकूल.”

“का बरं?”

हे मात्र अभ्यासक्रमाबाहेरचं होतं. साहेबांनी एक डोळा उघडला आणि माझ्याकडे वळवला. त्यांचं वाक्य अडलं की पुढचा शब्द पुरवणं हे माझं अलिखित कर्तव्य.

“वरदान,” मी म्हणालो.

“ग्रामीण जनतेला वरदान आहे,” साहेब म्हणाले आणि डोळा परत मिटला.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कसबे मेरुळीच्या ग्रामीण रुग्णालयात डॉ. इंगवले वैद्यकीय अधीक्षक होते आणि मी, म्हणजे पोतनीस, कार्यालय अधीक्षक. रोग्यांचं ते बघत, कागदांचं मी. निभावणार नाही असं काहीही आलं की आम्ही ते जिल्ह्याला पाठवत असू, मग तो रोगी असो की फाइल.

केतकी पुण्याहून आली होती. लांबच्या डॉक्टरकडून यंत्रावर रोगी तपासून घ्यायची जी नवी सोय सरकारनं काढली होती, तिच्याबद्दल दवाखान्यांच्या कारभाऱ्यांना काय ठाऊक आहे आणि काय वाटतं, हे विचारत ती एसटीनं गावोगाव फिरत होती. सगळ्या कारभाऱ्यांना सगळं ठाऊक होतं आणि सगळ्यांना चांगलंच वाटत होतं. त्यामुळे पोरगी जरा खचलेली दिसत होती.

“वापर किती वेळा होतो?” तिनं विचारलं.

“दर आठवड्याला,” मी म्हणालो. हे अगदी खरं होतं. दर बाजारच्या दिवशी अकराच्या सुमारास मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातून जोडणी व्हायची. पडद्यावर एक मुलगी यायची. “आवाज येतोय का?” ती विचारायची. “येतोय,” मी म्हणायचो. “चित्र दिसतंय का?” “दिसतंय.” “धन्यवाद.” “धन्यवाद.” दोन वर्षं हा उपचार चालू होता आणि त्यातून कुणालाही कसलाही अपाय झालेला नव्हता.

आम्ही बसलो होतो ती त्या यंत्राचीच खोली. गावातली एकुलती एक गार खोली. यंत्राला एसी लागतो म्हणून एसी आला होता आणि एसीला साहेब लागतात म्हणून साहेब उन्हाळाभर तिथेच जेवत. टेबलावर मोठा पडदा, बाजूला ध्वनिपेटी, एका खोक्यात छाती तपासायची इलेक्ट्रॉनिक नळी, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच. पडद्याच्या डोक्यावर कॅमेरा आणि कॅमेऱ्यावर बर्गे सिस्टरांनी विणलेलं मोराचं क्रोशाचं कव्हर.

“हे कव्हर कशाला?” केतकीनं विचारलं.

“धूळ,” साहेब म्हणाले.

धूळ नव्हती. यंत्र बसलं त्या आठवड्यातच साहेबांनी मला कोपऱ्यात घेतलं होतं. “पोतनीस, तो वरचा डोळा आहे. आज म्हणतील रोगी दाखवा. उद्या म्हणतील तुम्ही काय करता ते दाखवा. मुंबईचा मनुष्य मला पडद्यातून विचारणार, ‘हे इंजेक्शन का दिलं?’ पंचवीस वर्षं झाली मला या खात्यात. मी काय परीक्षेला बसलोय पुन्हा?” दुसऱ्या दिवशी बर्गे सिस्टर मोर घेऊन आल्या. तपासणीच्या मुलीपुरता मी तो उचलायचो, मग पुन्हा डोळ्यावर मोर.

तेवढ्यात भिंतीपलीकडून ठण्ण झालं. मग ठणठण. मग शंभर हातोडे एकदम.

केतकी दचकली. “हे काय?”

“तांबट आळी,” मी म्हणालो. “दसरा आलाय ना जवळ. बंबांच्या, घागरींच्या मागण्या असतात.”

आता, एवढ्या महागाच्या यंत्राला तांबट आळीला लागून असलेली खोली कुणी निवडली, असं कुणीही विचारील. समितीनं निवडली. जागा पाहायला समिती आली ती अमावास्येला. अमावास्येला आमचे तांबट हातोड्याला हात लावत नाहीत, ती त्यांची वंशपरंपरागत सुट्टी. समितीनं सगळं रुग्णालय फिरून पाहिलं आणि या खोलीत येऊन सगळे सभासद एकमुखानं म्हणाले, “काय शांतता आहे हो!” समितीला वाईट का वाटावं, म्हणून आम्हीही माना डोलावल्या.

आळीचं आणि आमचं पटत नव्हतं. ते तिथे सात पिढ्यांपासून, आम्ही काल आलेले. आवाजाबद्दल साहेबांनी त्यांना दोनदा नोटीस पाठवली. त्यानंतर साहेबांचा राउंड सुरू झाला की आळीत एक ठोका जास्तच जोरात पडे. शिवाय दवाखान्यासमोर आठवडी बाजार. त्यात एक गृहस्थ जीपवर लाउडस्पीकर लावून मूळव्याधीपासून मुतखड्यापर्यंत सगळ्यावर एकच पुडी विकायचे. रोग्याला न बघता, लांबूनच. खरं पाहता गावात टेलिमेडिसिन आधीपासून होतं. सरकारनं फक्त एसी बसवला.

हे मी केतकीला सांगणार एवढ्यात दार ढकलून बर्गे सिस्टर आत आल्या. त्या कधी न विचारता आत येत नसत.

“साहेब, डांगेंचं बाळ बघता का जरा?”

साहेबांनी दोन्ही डोळे उघडले. “काय झालं?”

“काल निमोनिया म्हणून घेतलं ना आपण? सलाइन चालू आहे, ऑक्सिजन चालू आहे. पण दूध घेईना. रंग उतरत चाललाय.”

साहेब उठले. त्यांच्याबद्दल एक सांगितलं पाहिजे. हा मनुष्य कागदाला भिणारा होता, वरिष्ठांना भिणारा होता, पण रोग्याकडे जाताना कधी चालत जात नसे. धावायचा. पोट सांभाळत धावायचा, पण धावायचा. आम्ही मागोमाग गेलो.

बाळ म्हणजे जेमतेम महिन्याची मुलगी. बारसंसुद्धा व्हायचं होतं. आई सारिका, डोंगरावरच्या वाडीतली, विशीतली पोर, खाटेच्या कडेला बसून लेकीचा पाय धरून होती. जणू तेवढं सोडलं तर ती जाईल.

साहेबांनी नळी लावली. बराच वेळ ऐकलं. नळी काढली, झटकली, पुन्हा लावली. त्यांच्या कपाळावर घाम आला.

“मोजता येत नाहीये,” ते पुटपुटले.

“काय?” मी विचारलं.

“ठोके. ठोके नाहीतच हे. नुसती घरघर आहे. भिंगरी फिरल्यासारखी.” मग सिस्टरांना म्हणाले, “ईसीजी?”

“काढला की. चिमटे मोठ्या माणसांचे. बाळाच्या मनगटावर बसतच नाहीत. हे बघा.” त्यांनी पट्टी पुढे केली. त्यावर शेवया सांडल्यासारख्या रेघा होत्या.

“ॲम्ब्युलन्स?”

“जिल्ह्याला गेलीय, सकाळच्या बाळंतिणीला घेऊन. यायला दुपार होईल.”

“खासगी जीप बघ पोतनीस.”

“बघतो. पण साहेब, घाट…” घाट उतरायलाच दोन तास लागत. बर्गे सिस्टरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नाही, असं. तेवढा वेळ नाही.

सारिका आमची तोंडं बघत होती. “सायेब,” ती म्हणाली, “हिला काय झालंय?”

साहेबांनी तोंड उघडलं. आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांना पुरवायला शब्द सापडला नाही.

तेव्हा खोलीतून केतकीचा आवाज आला. ती मागे राहिली होती. “सर! मुंबई लागलीय! ती विचारतेय, आवाज येतोय का!”

साहेब जागचे हलले नाहीत. मला त्यांच्या मनात काय चाललंय ते जसं काही लिहून दिल्यासारखं दिसत होतं. पडद्यासमोर जायचं म्हणजे सांगायचं, की मला कळत नाहीये. मुंबईसमोर सांगायचं. पुण्याच्या मुलीसमोर सांगायचं. कालपासून दिलेलं सगळं औषध वाचून दाखवायचं आणि ‘हे का दिलं?’ हे ऐकून घ्यायचं.

“बाळ उचला,” साहेब म्हणाले.

खोलीत शिरल्या शिरल्या त्यांनी मोराचं कव्हर स्वतःच्या हातानं ओढून काढलं. पडद्यावरची मुलगी सवयीनं “धन्य…” म्हणत होती.

“थांबा!” साहेब ओरडले. “धन्यवाद नको. हृदयाचा डॉक्टर हवा. लहान मुलांचा. आत्ता!”

ती मुलगी क्षणभर आ वासून बघत राहिली. दोन वर्षांत कुणी तिला काही मागितलं नव्हतं. मग ती खुर्चीवरून अशी उठली की खुर्ची पडल्याचा आवाज आम्हाला साडेतीनशे किलोमीटरवर ऐकू आला.

डॉक्टर आले. कॅमेरा त्या मुलीच्या उंचीला लावलेला असल्यामुळे आम्हाला दिसली ती फक्त एक हनुवटी, शर्टाचा खिसा आणि खिशात दोन पेनं. “मी सुखठणकर,” हनुवटी म्हणाली. “सांगा.”

साहेबांनी सांगितलं. काही लपवलं नाही. निमोनिया समजलो, हे दिलं, ते दिलं, फरक नाही, ईसीजी नीट निघत नाही, ठोके मोजता येत नाहीत. मी कान टवकारून ‘का दिलं’ची वाट बघत होतो. ते आलंच नाही.

“तुमच्याकडे ती नळी असेल बघा, यंत्राची. ती लावा. मला ऐकू द्या.”

केतकीनं दातांनी पिशवी फाडली आणि तार जोडली. ती एवढ्या ठिकाणी हिंडली होती की कुठलं टोक कुठे जातं ते तिला पाठ होतं. फक्त चालू करायची वेळ कुठे आली नव्हती. साहेबांनी नळी बाळाच्या छातीवर टेकवली. ध्वनिपेटीतून आवाज आला.

ठण्ण. ठणठण. ठणठणठण. ‘एक पुडी दुधातून घ्या, मुतखडा वाहून जाईल!’ ठण्ण.

“तुम्ही आहात कुठे?” हनुवटी म्हणाली. “भांड्याच्या कारखान्यात?”

“शेजारी आहे, सर.”

“एसी बंद करा. ते सगळं बंद करा. मला काहीसुद्धा ऐकू येत नाहीये. लवकर करा.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते बंद करणं हे कागदांच्या खात्यात येत होतं.

नोकरीत मी ‘शांतता राखा’च्या किती पाट्या रंगवून घेतल्या असतील, त्याची गणती नाही. त्यांच्यापैकी एकीमुळेही कधी शांतता राखली गेली नाही. मी मागच्या दारानं आळीत शिरलो तेव्हा माझ्याकडे पाटीसुद्धा नव्हती.

आळीत बोलून उपयोग नसतो. जन्मभर तांबं ठोकून निम्म्या आळीच्या कानांवर परिणाम झालेला. हरिभाऊ वडके तर ठार बहिरे म्हणावेत इतके. म्हातारा ओट्यावर मांडी घालून, पुढ्यात घागर घेऊन मठारत होता. त्याच्या हाताखालून घागरीवर खवल्यांसारख्या ठोक्यांच्या ओळी उमटत होत्या. मला बघून त्यानं हातोडा थांबवला नाही. फक्त ओरडला, “काय पोतनीस? नोटीस आणली?”

मी त्याच्या कानाशी वाकलो. “नोटीस नाही, हरिभाऊ. हात जोडायला आलोय.”

“आँ?”

मी हात जोडून दाखवले. हातोडा थांबला.

“दवाखान्यात तान्हं बाळ आहे. मरतंय. मुंबईचा डॉक्टर यंत्रातून त्याची छाती ऐकतोय. पण तुमच्या ठोक्यात त्याला ऐकू येत नाही!”

“मुंबईस्नं?”

“मुंबईहून!”

“त्येला आमचा ठोका ऐकू ग्येला? मुंबईला?”

“गेला! भांड्याचा कारखाना आहे का म्हणाला!”

हरिभाऊंच्या चेहऱ्यावर काहीतरी उमललं. सात पिढ्यांत आळीचा आवाज जिल्ह्याच्या पलीकडे गेल्याची ही पहिलीच खबर असावी. पण ते क्षणभरच. म्हातारा उठला. अर्धवट मठारलेली घागर त्यानं काखेत मारली आणि लगालगा आळीच्या तोंडाशी निघाला.

तिथे, बाजार जिथे सुरू होतो त्या दगडावर, त्यानं ती घागर पालथी ठेवली.

मला माहीत होतं त्याचा अर्थ काय. अख्ख्या गावाला माहीत होतं. आळीत कुणी गेलं तर ओरडून सांगायची सोय नसते, ठोक्यापुढे कोण ऐकणार? म्हणून वडीलधारा तोंडाशी घागर पालथी घालतो. पहिल्या दुकानदाराला ती दिसते, तो हातोडा ठेवतो. त्याचा हात थांबलेला दुसऱ्याला दिसतो, तो ठेवतो. तशी ती शांतता आळीच्या टोकापर्यंत चालत जाते. मी ती आधी पाहिली होती, पण प्रत्येक वेळी कुणाच्यातरी घरी जाऊन बसायचं आहे या घाईत. त्या दिवशी मी ती नुसती पाहिली. एकेक हात खाली येत गेला. ठणठण विरळ झाली, मग टपटप, मग शेवटचा एक ठोका आणि मग काही नाही.

बाजारानं माना वळवल्या. घागर दिसली. कांद्याचा लिलाव थांबला. बांगडीवालीनं हातातल्या काकणांवर दुसरा हात ठेवला. गिरणीवाल्यानं पट्टा सोडला. बैलांच्या गळ्यांतल्या घंटा तेवढ्या वाजत होत्या, त्या शेतकऱ्यांनी मुठीत धरल्या. पुडीवाले गृहस्थ परगावचे, त्यांना काही कळेना, पण सगळा बाजार आपल्याकडे बघतोय हे दिसल्यावर त्यांनी लाउडस्पीकर बंद केला.

“कोन ग्येलं?” कांदेवाल्यानं दबक्या आवाजात विचारलं.

हरिभाऊंनी त्याचे ओठ वाचले. “ग्येलं न्हाई,” म्हातारा म्हणाला. “जायाचं थांबवत्यात.”

मी पळत परत आलो. एसी बंद, खोलीत भट्टी झालेली. मी खिडक्या उघडल्या. बाहेर पाचशे माणसांचा बाजार भरलेला होता आणि आत गवताची काडी पडली असती तर ऐकू आली असती.

आता ध्वनिपेटीतून एकच आवाज येत होता. साहेब म्हणाले तसाच, भिंगरीचा. घर्रर्र. त्याला ना सुरुवात ना शेवट. एवढ्याशा छातीत एवढी घाई कशाची, असं वाटायला लावणारा. तो आवाज मुंबईला जात होता आणि खिडकीतून बाजारातही जात होता.

हनुवटी स्थिर होती. “बस,” ती म्हणाली. “निमोनिया नाही. हृदय चुकीच्या वाटेवर पळत सुटलंय. त्याला थांबवून पुन्हा सुरू करावं लागेल. बर्फ आहे?”

“लसींच्या फ्रीजरमध्ये आहे,” सिस्टर म्हणाल्या.

“पिशवीत बर्फ आणि पाणी घ्या. पिशवी बाळाच्या कपाळावर, डोळ्यांवर, नाकाच्या वरच्या भागावर दाबून धरा. नाकपुड्या मोकळ्या ठेवा. मी सांगेन तेव्हा उचला.”

साहेब बघतच राहिले. “बर्फ? तोंडावर?”

“पाण्यात बुडी मारलीय असं समजेल शरीर. हृदय दचकून थांबतं. मग आपल्या वाटेनं सुरू होतं.”

“आणि नाही झालं तर?”

“तर दुसरं करू. पण हे आधी.”

सिस्टर बर्फाची पिशवी घेऊन आल्या. साहेबांनी ती हातात घेतली, आणि सारिकानं त्यांचं मनगट धरलं.

“थांबा,” ती म्हणाली. “मारताय का माज्या लेकराला? आदीच गार पडत चाललीय ती. त्यात बर्फ?”

“ताई,” पडद्यातून आवाज आला, “मी सांगतोय ते…”

सारिकानं पडद्याकडे वळूनही पाहिलं नाही. हनुवटीला काय उत्तर द्यायचं? ती साहेबांकडे बघत होती. “त्यो मानूस कुटला, कोन, मला ठावं न्हाई. तुमी हितलं. तुमी सांगा. तुमचा इस्वास हाय का त्येच्यावर?”

केतकीचा हात वहीवर होता, पण ती लिहीत नव्हती. सकाळपासून तिनं तोच प्रश्न विचारला होता. फक्त तेव्हा उत्तराला काही वजन नव्हतं.

साहेबांनी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडेही पाहिलं नाही. पडद्यावरच्या त्या हनुवटीकडे पाहिलं, दोन पेनांकडे पाहिलं. मग सारिकाकडे.

“आहे,” ते म्हणाले.

तिनं मनगट सोडलं.

साहेबांनी पिशवी बाळाच्या चेहऱ्यावर दाबली. बाळाचे हात वर उडाले. घर्रर्र. घर्रर्र. सिस्टर देवाचं नाव घेत होत्या, ओठांनी, आवाज न करता. घर्रर्र.

आणि ते थांबलं.

शांतता मी आयुष्यात पुष्कळ ऐकली आहे. वरिष्ठांनी प्रश्न विचारल्यावरची सभागृहातली, बदलीची यादी वाचण्याआधीची. ही तसली नव्हती. ध्वनिपेटीत काही नव्हतं. खोलीत काही नव्हतं. खिडकीबाहेर पाचशे माणसं, बैल, गिरणी, सगळ्यांत काही नव्हतं. मुंबईत, त्या हनुवटीच्या मागे, तिथेही काही नव्हतं. साऱ्या जगानं एका महिन्याच्या मुलीसाठी श्वास धरल्यासारखं. मला वाटलं, संपलं. घागरीचा अर्थ खरा झाला.

मग एक ठोका पडला.

ठक्.

आणि वेळ घेऊन, विचार केल्यासारखा, दुसरा. ठक्. मग ठकठक, ठकठक, ठकठक. एकसारखं. घाई नसलेलं. मोजता येण्यासारखं.

“उचला,” हनुवटी म्हणाली. आणि मग, अगदी हळू, आम्हाला नव्हे, स्वतःलाच, “वा, पोरी.”

बाळ रडलं. केवढ्यानं रडलं! दोन दिवसांत तिला रडायला फुरसतच मिळाली नव्हती. तिच्या तोंडावरचं पाणी पुसायला हाताशी काही नव्हतं म्हणून बर्गे सिस्टरांनी टेबलावरचा मोर उचलला आणि त्यानंच पुसलं. साहेब खुर्चीत बसले.

खिडकीच्या गजांशी हरिभाऊ येऊन उभे होते. म्हाताऱ्याला काही ऐकू आलं नव्हतं. त्याला दिसत होतं ते एवढंच, की आतली माणसं रडतायत आणि हसतायत, आणि त्यातून त्याला काही ठरवता येत नव्हतं.

“काय झालं?” त्यानं विचारलं. “पोतनीस, काय झालं सांगा की!”

नळी अजून बाळाच्या छातीवर होती. मी ध्वनिपेटी उचलून खिडकीच्या कठड्यावर ठेवली, हरिभाऊंचा हात गजांतून आत घेतला आणि पेटीच्या जाळीवर टेकवला.

तो हात म्हणजे घट्ट्यांचा एक जाड तळवा. त्या तळव्याखाली साऱ्या जन्मात किती ठोके पडले असतील! त्याखाली आता तो एक ठोका पडत होता. हरिभाऊंनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले. ताल धरत होते.

“लागला,” म्हातारा म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्याच्या लक्षात आलं नाही. “ठोका लागला बगा. हातातल्या हातात लागला.”

मग त्यानं हात काढून घेतला, आळीच्या तोंडाशी गेला आणि घागर सुलटी करून काखेत मारली. क्षणभर कुणालाच आधी सुरू करवेना. मग कुठूनतरी एक हातोडा पडला. मग दुसरा. पुडीवाल्यांनी लाउडस्पीकर चालू केला, पण काय विकायचं होतं ते त्यांना चटकन आठवेना.

मुंबईनं औषध सांगितलं. दुपारी ॲम्ब्युलन्स आली, सारिका आणि बाळ घाट उतरून मुंबईला गेली. त्याआधी, जोडणी तोडताना, हनुवटी खाली वाकली आणि पहिल्यांदाच आम्हाला सबंध चेहरा दिसला. टक्कल पडलेला, थकलेला, चष्म्याचा एक साधा मनुष्य. “डॉक्टर,” तो इंगवले साहेबांना म्हणाला, “बरं केलंत बोलावलंत.” साहेबांनी नुसती मान हलवली, परीक्षेत पास झालेल्या मुलासारखी.

संध्याकाळच्या एसटीपूर्वी केतकी आली. “सर, सकाळी आपलं अर्धवट राहिलं होतं.”

“पहिलं उत्तर बदला,” साहेब म्हणाले. “माहिती किती? जवळजवळ नाही.”

“आणि दृष्टिकोन?”

साहेबांनी यंत्राकडे पाहिलं. कॅमेरा उघडा होता. मोर बाळाबरोबर मुंबईला गेला होता, तो परत आलाच नाही, आणि नवा विणा असं साहेब बर्गे सिस्टरांना कधी म्हणाले नाहीत.

“भीती वाटते,” ते म्हणाले.

केतकी गोंधळली. “पण सर, अजूनही? कसली भीती?”

“देवळात गाभाऱ्यापाशी वाटते ना? तसली.”

‘अनुकूल’ आणि ‘प्रतिकूल’ यांच्यामध्ये हे उत्तर कुठे बसवावं, हे तिला त्या संध्याकाळी काही सुचलं नाही. ती ते न बसवताच एसटीत चढली.

पुढे साहेब निवृत्त झाले, मीही झालो. आता म्हणे सगळं मोबाइलवर होतं. पण मेरुळीत त्या खोलीत यंत्र होतं तोवर एक रिवाज पडला, तो कुणी पाडला हे सांगता येणार नाही. मुंबई लागली की दवाखान्याची मागची खिडकी उघडायची. खिडकी उघडली की आळीच्या तोंडाशी घागर पालथी व्हायची, हातोडे एकामागून एक खाली यायचे, आणि बाजार मुका व्हायचा. कुणी परगावचा माणूस असला तर घाबरून, टोपी काढून शेजाऱ्याला विचारायचा, “कोन ग्येलं हो?”

“कुनी न्हाई,” आळी सांगायची. “ऐकत्यात.”